संगणकाचा ताप आणि तेलीबांध्यापलीकडचे पाणी

रायपूर शहरातून नव्या राजधानीकडे जाणारा एक मुख्य रस्ता तेलीबांध्याच्या तलावाकडेने जातो. ‘बांधा’ म्हणजे बांध घालून अडवलेले पाणी. आज या काठाला लोक कौतुकाने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात, संध्याकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. पण रायपूरच्या जुन्या तलावांचे मूळ काम करमणुकीचे नव्हते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या या प्रदेशात पावसाचे पाणी पुढच्या पावसापर्यंत धरून ठेवणे, हे ते काम होते.

याच रस्त्याने पुढे असलेल्या नवा रायपूरमध्ये ३ मे २०२५ रोजी मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांच्या हस्ते कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. रॅकबँक या कंपनीचा हा प्रकल्प. बातम्यांमध्ये गुंतवणुकीचे आणि रोजगाराचे आकडे ठळक होते. त्या इमारतींमध्ये निर्माण होणारी उष्णता कुठे टाकायची, हा प्रश्न मात्र मागे राहिला. वास्तविक संगणकाच्या सबंध इतिहासात या प्रश्नाने अभियंत्यांचा जितका पिच्छा पुरवला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या प्रश्नाने पुरवला असेल.

संगणक विजेचे काय करतो, याचे उत्तर भौतिकशास्त्राच्या दृष्टीने रुक्ष आहे: घेतलेली जवळजवळ सगळी वीज तो उष्णतेत बदलतो. गणिते होतात, चित्रे उमटतात, उत्तरे मिळतात. पण मीटरवर नोंदलेले प्रत्येक युनिट शेवटी खोली तापवून जाते. १९४६ साली जगासमोर आलेल्या एनियॅक या अमेरिकी संगणकात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॉट वीज लागे. तो थंड ठेवण्यासाठी मोठमोठे पंखे बसवावे लागले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये कामाला लागला, त्यातही सुमारे २,७०० नळ्या होत्या. त्या पिढीची समजूत सरळ होती. यंत्र तापते, म्हणून खोली थंड करायची.

ट्रान्झिस्टर आल्यावर हा त्रास संपेल असे वाटले होते. तो काही काळच कमी झाला. एकेक ट्रान्झिस्टर कमी तापत होता हे खरे, पण अभियंत्यांनी ते इतके दाटीवाटीने बसवले की उष्णता नखाएवढ्या जागेत एकवटली. हवा तिथे अपुरी पडू लागली. सारख्याच घनफळाच्या पाण्यात हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता मावते. त्यामुळे पाण्याकडे वळणे अपरिहार्य होते. अडचण एवढीच, की पाणी आणि विद्युतमंडल यांचे हाडवैर.

हे वैर सांभाळत पाणी चिपच्या जवळ कसे नेले गेले, ती गोष्ट वाचण्यासारखी आहे. १९८० मध्ये जाहीर झालेल्या ‘आयबीएम ३०८१’ या संगणकात शंभराहून अधिक चिप असलेला एकेक मॉड्यूल हवाबंद केलेला असे. प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा लहानसा दट्ट्या टेकलेला, आत उष्णतावाहक म्हणून हेलियम वायू भरलेला आणि वरच्या पट्टीतून थंड पाणी खेळवलेले. पाणी चिपला शिवत नव्हते, तरी तिच्यापासून काही बोटांवर येऊन ठेपले होते. १९८५ च्या ‘क्रे-२’ ने वेगळीच वाट धरली. तिथे सबंध मंडले वीज न वाहणाऱ्या फ्लोरिनयुक्त द्रवात बुडवून ठेवली होती. द्रव महाग, यंत्रणा अवजड. पण आज ‘निमज्जन शीतन’ म्हणून जे नवे सांगितले जाते, त्याचे हे जुने रूप होय.

त्याच दशकात पुण्यात निराळा विचार चालू होता. १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि मूळचे अकोला जिल्ह्यातील विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. एकच अतिवेगवान आणि अतितप्त प्रोसेसर न घडवता ट्रान्सप्युटर नावाच्या बेताच्या शक्तीच्या अनेक चिपा समांतर जोडायच्या, ही त्याची रचना. ती मुख्यतः परदेशी निर्बंधांवर तोड म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु एका बिंदूत साचणारा ताप अनेक बिंदूंत वाटून टाकण्याची सोयही तिच्यात आपोआप झाली होती. पुढे चिपांची दाटी वाढली आणि ही सवलत संपली. २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेत बसवलेल्या ‘परम ब्रह्म’मध्ये पाण्याच्या नळ्या थेट प्रोसेसरवरच्या धातूच्या पट्टीपर्यंत आणाव्या लागल्या.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला महत्त्वाचा प्रयोग १९८१ चा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेव्हिड टकरमन आणि फॅबियन पीज यांनी सिलिकॉनच्याच पाठीवर सुमारे ५० मायक्रोमीटर रुंदीचे, म्हणजे केसाहून अरुंद म्हणावेत असे पाट कोरले आणि त्यांतून पाणी सोडले. दर चौरस सेंटिमीटरमधून ७९० वॉट उष्णता वाहून नेण्यात ते यशस्वी झाले. हजार वॉटच्या इस्त्रीचा तळ दीडशे चौरस सेंटिमीटरचा धरला, तर त्या तळापेक्षा हा मारा शंभरपटीहून अधिक भरतो.

पुढचा मोह स्वाभाविक होता. पाणी नुसते तापते त्यापेक्षा उकळते तेव्हा कितीतरी अधिक उष्णता उचलते. मग या पाटांत पाणी उकळूच द्यावे! इथे निसर्गाने हात आखडता घेतला. सूक्ष्म पाटात जन्मलेला बुडबुडा क्षणात पाटाची सगळी रुंदी व्यापतो, पुढे सरकण्याऐवजी दोन्ही दिशांना फुगतो आणि येणाऱ्या पाण्यालाच मागे ढकलतो. मागचा पृष्ठभाग कोरडा पडतो. तव्यावर पाणी शिंपडणाऱ्या प्रत्येकीला पुढचा धोका ठाऊक आहे: तवा बेताचा तापलेला असेल तर थेंब चर्र करून आटतो, फार तापला असेल तर तो वाफेच्या गादीवर तरंगत नाचत राहतो आणि तव्याची उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाही. चिपवर असे घडले तर ती काही क्षणांत जळेल.

या बुडबुड्याच्या मागे ज्यांनी आयुष्याची अनेक वर्षे घालवली, त्यांत सतीश कांडलीकर यांचे नाव अग्रभागी आहे. मराठवाडा विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी, आयआयटी मुंबईतून डॉक्टरेट, तिथेच काही काळ अध्यापन आणि १९८० पासून अमेरिकेतील रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, असा त्यांचा प्रवास. नळीत उकळणारा द्रव किती उष्णता नेईल हे सांगणारे त्यांचे १९९० चे सूत्र अभियंते त्यांच्याच नावाने ओळखतात. सूक्ष्म पाटांतील बंडखोर बुडबुड्यावर त्यांनी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये दाखवलेला उपाय दिसायला अगदी साधा आहे. पाटाचे तोंड मुद्दाम अरुंद करायचे, म्हणजे वाफेला मागे येणे जड जाते. आणि पाटाच्या भिंतीत ठरावीक अंतरावर बारीक खळगे कोरायचे, म्हणजे बुडबुडे उशिरा व स्फोटासारखे न फुटता लवकर आणि शिस्तीत जन्मतात. शेतात दारे धरणारा शेतकरी पाटाच्या तोंडाशी मातीचा गोळा ठेवून पाणी आवरतो, त्याचीच ही सूक्ष्म आवृत्ती म्हणावी. मराठी वाचकांत हे नाव फारसे परिचित नाही, याचे आश्चर्य वाटते.

शीतनाच्या या इतिहासाला एक उपकथा आहे, स्पर्शाची. १९६५ मध्ये ब्रिटनमधील ई. ए. जॉन्सन यांनी विमानवाहतूक नियंत्रकांसाठी बोटाचा स्पर्श ओळखणाऱ्या पडद्याची कल्पना मांडली. आजच्या फोनची काचही बोटामुळे बदलणारी विद्युतधारिता मोजते. हे यंत्र हातात आले आणि शीतनाची मर्यादा चिपऐवजी तळहात ठरवू लागला. चिप ८०-९० अंश सोसते. तळहात सोसत नाही. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये मिरचीच्या तिखटाला प्रतिसाद देणारा जो ग्राही शोधला, तोच सुमारे ४३ अंशांना जागा होऊन दाहाची वर्दी देतो. या संशोधनासाठी त्यांना स्पर्शाचा ग्राही शोधणाऱ्या आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह २०२१ चे नोबेल मिळाले. खेळ रंगात आला असताना फोन अचानक संथ होतो, त्याचे एक कारण हा आपल्या कातडीतला पहारेकरी आहे.

डेटा सेंटरला मात्र कोणी हात लावून पाहत नाही. तिथला हिशेब पाण्याचा असतो. अनेक केंद्रे आपली उष्णता शीतन-मनोऱ्यांत पाण्याचे बाष्पीभवन करून हवेत सोडतात. तत्त्व रायपूर-नागपूरच्या घराघरांतल्या कूलरचेच. एक लिटर पाणी आटताना सुमारे पाऊण युनिटापेक्षा थोडी कमी उष्णता घेऊन जाते. त्या हिशेबाने एक मेगावॉट उष्णता केवळ बाष्पीभवनाने बाहेर टाकायची, तर दिवसाला सुमारे ३५ हजार लिटर पाणी उडून जाईल. मनोऱ्यातले क्षारयुक्त पाणी बदलावे लागते ते वेगळे. कृत्रिम बुद्धिमत्तेची केंद्रे एका मेगावॉटवर थांबत नाहीत. रायपूर शहर खारून नदीवर जगते आणि उन्हाळ्यात त्याची भिस्त महानदीवरच्या गंगरेल धरणावर असते.

इथेच चिपपर्यंत पोचलेल्या पाण्याचे मोल कळते. खोलीभर हवा थंड करायची असेल तर बरेच थंड पाणी लागते. पाणी जर चिपच्या पाठीलाच लागून वाहत असेल, तर ते थंड असण्याची गरजच उरत नाही. ८० अंशांच्या चिपसाठी ५०-६० अंशांचे पाणीही थंडच. झुरिकच्या तांत्रिक विद्यापीठात २०१० मध्ये आयबीएमने बसवलेला ‘अक्वासार’ संगणक ६० अंशांचे पाणी आत घेऊन चालत असे, आणि बाहेर पडणारे पाणी इमारती उबदार ठेवण्यास वापरले जाई. रायपूरला ऊब नको आहे. पण असे कढत पाणी ४५ अंशांच्या हवेतही केवळ पंख्याखालच्या बंद नळ्यांतून फिरवून निववता येते, थेंबभरही न आटवता. खर्च वाढतो तो नळजोडणीचा, पंप-पंख्यांच्या विजेचा आणि गळती होऊ न देण्याच्या दक्षतेचा.

नवा रायपूरच्या इमारतींत यांतली कोणती पद्धत किती प्रमाणात बसते, हे तिथल्या नळांच्या आराखड्यावरून ठरेल. त्या आराखड्यात दोन आकडे पाहावे लागतील: चिपकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान, आणि मे महिन्यात दर दिवशी बाहेरून घ्यावे लागणारे पाणी.