मास्तरांची पेन्शन आणि घरातली बाई

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक शाळेच्या व्हरांड्यात भरली होती. हिशोब संपला, चहा झाला, आणि आमच्यातली एक ताई म्हणाली, "सासरे वारले तेव्हापासून सासूबाईंना पेन्शन येते. माझे मालक २०२१ साली करोनात गेले, तर मला दरमहा काहीच नाही. दोघंही जिल्हा परिषदेचे मास्तर. मग असं का?"

आम्हाला कुणालाच धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आम्ही माहिती गोळा केली. आज तीच गोष्ट तुम्हाला सांगतो.

आपल्याला वाटतं, पेन्शन म्हणजे मास्तरांना पहिल्यापासूनच मिळत आलेली गोष्ट. तसं नाही. खासगी अनुदानित माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांना पूर्वी फक्त भविष्य निर्वाह निधी असे. म्हणजे पगारातून थोडे कापायचे, संस्थेने थोडे घालायचे, आणि निवृत्त होताना एकदाच गठ्ठा हातात. तो गठ्ठा मुलीच्या लग्नात नाहीतर घराच्या कौलात जाई. पुढं म्हातारपण मोकळंच. १९६८ साली महाराष्ट्र सरकारने या शाळांना पेन्शन योजना लागू केली आणि १ एप्रिल १९६६ पासून निवृत्त झालेल्यांना ती दिली. तेव्हा मास्तरांच्या घरात पहिल्यांदा दरमहाची खात्री आली.

बाईच्या दृष्टीने आणखी एक मोठी गोष्ट घडली, ती म्हणजे १९६४ ची कुटुंब निवृत्तिवेतन योजना. नवरा गेला तरी त्याच्या मागे बायकोला दरमहा रक्कम मिळू लागली. साधारण शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के, आणि सुरुवातीची काही वर्षं त्याहून जास्त. आमच्या ताईच्या सासूबाईंना मिळते ती हीच. त्या पैशावर त्यांची औषधं होतात, आणि नातवाची फीसुद्धा.

मग १९८२ साल आलं. त्या वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात निकाल दिला. न्यायालयाने सांगितलं की पेन्शन ही सरकारने खुशीने दिलेली बक्षिसी नाही, ती माणसाने केलेल्या नोकरीतून आलेला हक्क आहे. केवळ निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांमध्ये भेद करता येत नाही, असंही त्या निकालात होतं. म्हणून आजही १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात.

पण तारखेचं भांडण संपलं नाही. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून नव्या भरतीसाठी जुनी पेन्शन बंद केली. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ ही तारीख धरली. त्या दिवशी किंवा नंतर लागलेल्याच्या पगारातून १० टक्के कपात सुरू झाली, सरकार आपला वाटा घालू लागलं, आणि तो पैसा बाजारात गुंतवला जाऊ लागला. जुन्या पद्धतीत पूर्ण नोकरी झाल्यावर पगाराच्या साधारण निम्मी पेन्शन ठरलेली होती. नव्या पद्धतीत हाती किती येणार, हे बाजारावर. बाजाराची जोखीम सरकारकडून मास्तरांच्या घरात आली.

सरकारची बाजूही ऐकायला हवी. पेन्शनचा खर्च दर वर्षी वाढतो, माणसं जास्त जगतात, आणि तिजोरी एकच आहे. हे खोटं नाही. पण खर्च कमी करताना भार कुणावर पडला? काही शाळा २००५ पर्यंत पूर्ण अनुदानावर आल्या नव्हत्या. तिथं आधीपासून शिकवणारे शिक्षकही नव्या योजनेत ढकलले गेले. नोकरी जुनी, पेन्शन नवी. आणि आमच्या ताईचे मालक २००७ साली लागलेले. सासरे तारखेच्या अलीकडचे, मुलगा पलीकडचा. एकाच घरात दोन कायदे.

मार्च २०२३ मध्ये राज्यातले लाखो कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. "एकच मिशन, जुनी पेन्शन" ही घोषणा आपण गावागावांत ऐकली. सात दिवसांनी संप मिटला. त्याच महिन्याच्या शेवटी सरकारने नव्या योजनेतल्या राज्य कर्मचाऱ्यांसाठीही कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मान्य केलं. २०२४ मध्ये शेवटच्या पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी देणारा पर्यायही मंजूर झाला. पण कपात त्यात चालूच राहते.

हे ऐकून बैठकीत एक मावशी फणकाऱ्याने म्हणाल्या, "मास्तरांचं ठीक आहे. त्याच शाळेत मी खिचडी शिजवते, माझ्या म्हातारपणाचं काय?" प्रश्न खराच आहे. पोषण आहार शिजवणाऱ्या बाईला २,५०० रुपये मानधन, तेही वर्षातले दहाच महिने, आणि पेन्शन काहीच नाही. निराधार बाईला संजय गांधी योजनेतून दरमहा १,५०० रुपये. आम्हाला वाटतं, याचं उत्तर मास्तरांची पेन्शन काढून घेण्यात नाही. १९६६ च्या आधी खासगी अनुदानित माध्यमिक शाळांतल्या मास्तरांनाही पेन्शन नव्हतीच. कुणीतरी मागितली, तेव्हा मिळाली. शाळेची चूल पेटवणारीही शाळेचीच माणूस आहे, हे आता आपण मागायला हवं.

तोवर घरात एवढं करा. नवरा किंवा मुलगा शाळेत नोकरीला असेल, तर नेमणुकीचा आदेश कुठे ठेवलाय ते विचारा. सेवा पुस्तकात आणि पेन्शन खात्यात वारस म्हणून तुमचं नाव आहे का, ते पाहा. कपातीचा हिशोब दर वर्षी मागा. कुणी नोकरीत असताना वारलं असेल, तर २०२३ च्या निर्णयाचा लाभ कसा मिळेल, हे अर्ज करून विचारा. उत्तर लेखीच घ्या, आणि अर्जाची पोच जपून ठेवा.

आमच्या ताईला हे कुणीच सांगितलं नव्हतं. तिच्याकडे मृत्यूचा दाखला होता, आदेश नव्हता. तो सासऱ्यांच्या जुन्या ट्रंकेत सापडला. येत्या सोमवारी ती अर्ज घेऊन तालुक्याला जाणार आहे. ती एकटी जाणार नाही. गटातल्या आम्ही चौघी बरोबर आहोत. काय झालं ते पुढच्या वेळी सांगूच.