मोहोळाला राणी कशाला?

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीची अभ्यंगस्नाने आटोपून घरची मंडळी फराळाला बसली होती. माझी बारा वर्षांची नात मात्र हातात चकली धरून चित्रपटात गढली होती. पडद्यावर एका भयाण अंतराळयानात वरून एका स्त्रीचे मस्तक आणि खांदे अलगद उतरत आले. खाली धातूचा कणा लोंबत होता. तो खालच्या धडात जाऊन बसला आणि बाई चालू लागल्या! "सणासुदीला हे काय अभद्र," म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी तोंड फिरवले. नात म्हणाली, "आजोबा, ही बोर्गांची राणी. पण सगळ्या बोर्गांचं मन एकच असतं ना? मग त्यांना राणी कशाला लागते हो?"

प्रश्न पोरीचा, पण त्याच्यामागे बराच इतिहास आहे.

हे बोर्ग 'स्टार ट्रेक'च्या एका चित्रवाणी मालिकेत १९८९ साली अवतरले. अर्धे देहधारी, अर्धे यंत्र. भेटेल त्या संस्कृतीला गिळून आपल्यात मिसळून घेणारे. हजारो मने एकत्र जोडलेली, त्यामुळे त्यांच्या बोलीत 'मी' नाही, केवळ 'आम्ही'. त्यांना राजाही नव्हता आणि राणीही नव्हती, आणि खरी भीती त्यातच होती. पण ज्याला चेहरा नाही त्याच्याशी बोलायचे कसे? १९९० साली बोर्गांनी कप्तान पिकार्डला पकडून आपले तोंड बनवले व त्याला 'लोक्युटस' म्हटले. लॅटिन भाषेतल्या 'बोलणे' या धातूवरून आलेले हे नाव. पुढे १९९६ च्या 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' या चित्रपटात थेट राणीच आली. ॲलिस क्रीग या अभिनेत्रीने ती साकारली. म्हणजे बिनराजाच्या राज्याची कल्पना माणसाला जेमतेम सात वर्षे सोसली!

ही खोड आजची नाही. मधमाश्यांचे पोळे पाहून ॲरिस्टॉटलने त्यातल्या मोठ्या माशीला 'राजा' म्हटले, आणि पुढे शतकानुशतके युरोपातल्या पंडितांनी तो राजाच मानला. १५८६ साली लुईस मेंदेझ दे तोरेस या स्पॅनिश गृहस्थाने लिहिले, की ही मादी असून अंडी घालते. १६०९ साली चार्ल्स बटलर या इंग्रज धर्मोपदेशकाने आपल्या ग्रंथाला नावच दिले 'स्त्रियांचे राज्य' अशा अर्थाचे. एलिझाबेथ राणीची चव्वेचाळीस वर्षांची कारकीर्द संपून तेव्हा सहाच वर्षे झाली होती. त्यामुळे पोळ्यात राणी पाहणे इंग्रजांना जड गेले नसावे! मग डच शास्त्रज्ञ स्वामरडॅमने सूक्ष्मदर्शकाखाली तिचे अंडाशय दाखवले आणि राजाचा निकाल लागला.

१९०१ साली एच. जी. वेल्सने आपल्या कादंबरीत चंद्रावर असेच वारूळ वसवले. तिथे प्रत्येक जीव जन्मापासून एकाच कामासाठी घडवलेला आणि सर्वांवर अवाढव्य मेंदूचा एक अधिपती. १९४८ साली नॉर्बर्ट वीनरने 'सायबरनेटिक्स' हा शब्द रूढ केला, तो सुकाणू धरणाऱ्या नावाड्याच्या ग्रीक नावावरून. १९६० साली क्लाइन्स व क्लाइन या दोघांनी त्यातून 'सायबॉर्ग' घडवला, आणि 'बोर्ग' हे त्याचेच शेपूट. ज्यांच्या नावातच नावाडी दडलेला, त्यांच्या कथेत सुकाणू कोणाच्या हाती, हा प्रश्न निघणारच.

आता गंमत पाहा. खऱ्या पोळ्यातली राणी राज्य करीतच नाही. भर हंगामात ती दिवसाला दीड हजारांवर अंडी घालते. तिच्या अंगच्या गंधाने पोळे एकत्र राहते हे खरे, पण हुकूम सोडणे तिच्या गावी नाही. ती म्हातारी झाली, की ज्या अळ्यांच्या एरवी कामकरी माश्या व्हायच्या, त्यांतल्याच काहींना खास खाद्य भरवून कामकरी माश्या नवी राणी तयार करतात. थवा नव्या घराच्या शोधात निघतो तेव्हा जागा निवडतात त्या टेहळ्या माश्या. जर्मनीत मार्टिन लिंडाउअरने १९५० च्या दशकात हे पाहिले. एक माशी नाचून एका ढोलीची शिफारस करते, तर दुसरी दुसरीची. पुढे अमेरिकेत टॉमस सीली व त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केले, की प्रतिपक्षाच्या नाचणाऱ्या माशीला डोक्याने ढुशी देऊन तिचा नाच थांबवणाऱ्या माश्याही असतात. म्हणजे खऱ्या मोहोळात 'नाही' म्हणायची सोय आहे! वाद होतो, निवाडा होतो, आणि राणी मुकाट्याने थव्याबरोबर उडते.

बोर्गांत ही ढुशीच नाही. सहा वर्षांच्या ॲनिका नावाच्या मुलीला ते उचलून नेतात आणि ती 'सेव्हन ऑफ नाइन' होते, सातवी, नवांपैकी. तिला कोणी विचारत नाही. पुढे ती सुटते, तेव्हा १९९९ च्या कथाभागात राणी तिला परत ओढू पाहते. जिथे कोणालाच नकार देता येत नाही तिथे वादही नाही आणि निवाडाही नाही. मग मालकाची जागा मोकळी राहते, आणि मोकळी जागा कोणीतरी बळकावतोच. राणी पाहून आपल्यालाही हायसे वाटते, कारण सारा दोष एका चेहऱ्यावर टाकता येतो. मला मात्र त्या राणीपेक्षा तिच्याभोवतीच्या मुक्या रांगांची अधिक धास्ती वाटते.

आमच्या वाड्यात बावीस माणसे होती आणि किल्ल्यांचा जुडगा आजीच्या कमरेला. सगळे म्हणत, राज्य आजीचे. पण धाकट्या काकूने मान हलवली की आजीचा बेत बदलायचा, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आजी गेल्यावरही वाडा चालला, तो त्या मान हलवण्यामुळेच.

हे सारे नातीला सांगितले. तिने चकली संपवली, विचार केला आणि म्हणाली, "मग पाडव्याला मी पहाटे उठणार नाही म्हटलं तर चालेल?"

मी स्वयंपाकघराकडे पाहिले आणि हळूच म्हणालो, "ते मात्र तुझ्या आजीला विचार."