दिसत नाही त्याचं वजन

आमच्या उर्से गावात भातावर पाखरं उतरली की आजोबा गोफण फिरवायचे. एवढ्या जोरात फिरणारा दगड मधेच का सुटत नाही? दोरीची ओढ त्याला धरून असते. वेग वाढला की ओढही जास्त लागते.

१९३३ साली फ्रिट्झ झ्विकीला हाच प्रश्न कोमा समूहातल्या दीर्घिकांबद्दल पडला. वर्णपटातल्या रेषा किती सरकल्या, यावरून दीर्घिकेचा आपल्या दिशेतला वेग कळतो. तिथल्या वेगांमध्ये सेकंदाला १००० किलोमीटरहून जास्त तफावत होती. झ्विकीने हिशेब मांडला: ८०० दीर्घिका, प्रत्येकी १०० कोटी सूर्यांएवढी. तेवढ्या वस्तुमानाच्या ओढीत वेग जेमतेम ८० निघत होता.

लागणारं वस्तुमान वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. वेग साडेबारा पट, म्हणजे वस्तुमान सुमारे १५६ पट. शिवाय वर्णपटात तीनपैकी एकाच दिशेचा वेग दिसतो, म्हणून पुन्हा तिप्पट. झ्विकीने लिहिलं, किमान ४०० पट. न दिसणाऱ्या त्या भागाला त्याने कृष्णद्रव्य म्हटलं.

पुढची जवळपास चाळीस वर्षं बहुतेकांनी ते मनावर घेतलं नाही. काहींना वाटलं, समूहच विखुरत असतील. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांनी दीर्घिकांचं फिरणं मोजलं, तेव्हा कुठे हा प्रश्न टाळता येईना.

मला हे झोंबतं. गेल्या वर्षी कामात एक आकडा जुळेना, म्हणून मी ती नोंदच 'खराब डेटा' म्हणून उडवली. दोन महिन्यांनी कळलं, नोंद बरोबर होती, माझं गृहीतक चुकलं होतं.

झ्विकीचंही चुकलं होतं. त्या काळी दीर्घिकांची अंतरं सुमारे ८ पट कमी धरली जात. ती दुरुस्त केली की ४०० चा आकडा बराच खाली येतो, पण तफावत मिटत नाही. समूहातले तारे आणि तप्त वायू मिळून वस्तुमानाचा साधारण १५ टक्केच भाग भरतो.

२०१७ मध्ये पुण्याच्या आयुकातल्या जोयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी 'सरस्वती' महासमूह शोधला. तो ४०० कोटी प्रकाशवर्षं दूर आहे, ६० कोटी प्रकाशवर्षं पसरलाय, आणि त्याचं वस्तुमान २ कोटी अब्ज सूर्यांएवढं आहे. त्यातलंही बहुतेक दिसत नाही.

उडवलेली ती नोंद मी परत टाकली. आता आकडा जुळला नाही की आधी माझं गृहीतक तपासतो.