बंद पेटीची भाषा

आजच्या भागात आपण जयपूरला जाणार आहोत, पण हवामहल बघायला नाही. शहराच्या आग्नेयेला पसरलेलं जगतपुरा हे उपनगर आहे ना, तिथे. नव्या संकुलांबरोबर आणि बंगल्यांबरोबर इथे पोहण्याचे तलावही आले. तलावाच्या पंपाची पेटी आणि घरातली ‘स्मार्ट’ यंत्रणा एकमेकांशी का बोलत नाहीत, हा आजचा विषय.

हा श्रीमंतांचा चोचला आहे असं वाटेल. पण पाण्याचा हिशेब बघा. १९८२ च्या आशियाई खेळांत नौकानयनाच्या शर्यती जयपूरजवळच्या रामगढ तलावात झाल्या होत्या. तो तलाव पुढे कोरडा पडला. आज शहराची तहान मुख्यतः बनास नदीवरच्या बीसलपूर धरणातून भागते, आणि ते पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरून येतं. अशा गावात तलावाचं पाणी हिरवं पडून उपसावं लागणं परवडत नाही. पंप कमी चालला तर पाणी बिघडतं, जास्त चालला तर वीजबिल फुगतं. म्हणून पंप कधी आणि किती चालावा, हे नीट ठरवता येणं महत्त्वाचं.

पूर्वी हे काम साधं होतं. घड्याळाचा टायमर ठरल्या वेळी पंप सुरू करायचा, ठरल्या वेळी बंद. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ‘एक्स-१०’ ही पद्धत तयार केली. घरातल्या विजेच्या तारांवरूनच संदेश जायचा, आणि २५६ उपकरणांना वेगवेगळे पत्ते देता यायचे. चालू किंवा बंद एवढंच सांगायचं असेल, तर तेवढं पुरेसं होतं.

मग वेग बदलणारे पंप आले. पंपाचा वेग निम्मा केला, तर लागणारी शक्ती तत्त्वतः आठव्या हिश्श्यावर येते. बचत मोठी, पण आता पंपाला नुसतं ‘चालू हो’ सांगून भागेना. ‘किती वेगाने’ हेही सांगावं लागलं. म्हणजे बटणाच्या जागी भाषा हवी झाली.

तार तयारच होती. १९८३ साली ‘आरएस-४८५’ हे मानक आलं. दोन तारांची जोडी, कारखान्यात हजारभर मीटर लांबवरही चालणारी. पण हे मानक फक्त विजेचे संकेत कसे जावेत एवढंच ठरवतं. त्या तारेवरून काय बोलायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. मोडिकॉन या कंपनीने १९७९ साली आपली ‘मॉडबस’ भाषा जाहीर केली, म्हणून ती जगभरच्या कारखान्यांत रुळली. तलावाची उपकरणं बनवणाऱ्या पेंटेअरसारख्या कंपन्यांनी तार तीच घेतली, पण तिच्यावर भाषा आपापली चालवली. कंपनीचा पंप कंपनीच्याच पेटीचं ऐकणार, अशी ही व्यवस्था.

इथे जयपूरचाच इतिहास आठवतो. हे शहर वसवणाऱ्या सवाई जयसिंहाच्या पदरी पंडित जगन्नाथ सम्राट होते. ग्रीक युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणली. त्या ग्रंथाचं नाव ‘रेखागणित’. हे जमलं, कारण मूळ ग्रंथ समोर उघडा होता. तलावाच्या पेटीचा ग्रंथच मिटलेला!

मग हौशी लोकांनी काय केलं? तारेला कान लावला. पेटीवर एक बटण दाबायचं आणि तारेवरून कोणते आकडे गेले ते लिहून घ्यायचं. वेग बदलायचा, पुन्हा लिहायचं. कोणता आकडा पत्त्याचा, कोणता वेगाचा, कोणता तपासणीचा, हे हळूहळू उलगडत गेलं. त्यातून पेंटेअरच्या यंत्रणेशी बोलणारी खुली सॉफ्टवेअर उभी राहिली. २०१३ साली पाउलस शाउट्सन यांनी ‘होम असिस्टंट’ सुरू केलं. ते घरातल्याच छोट्या संगणकावर चालतं, आणि असे अनेक दुभाषी तिथे एकत्र बसतात. निरोप पोहोचवायला बहुतेकदा ‘एमक्यूटीटी’ वापरतात. ही पद्धत १९९९ साली तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी जन्मली होती.

कंपनीचं ॲप असताना एवढा खटाटोप कशाला? एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’ या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले. लोकांच्या भिंतीतली उपकरणं धडधाकट होती, पण ॲपवरून मिळणारा ताबा एका दिवसात गेला. पुढे ग्राहकांपैकीच काहींनी ती कंपनी विकत घेऊन सर्व्हर पुन्हा चालू केले. उपकरण आपल्या पैशाचं, पण त्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात, हा प्रश्न त्या दिवशी सगळ्यांना दिसला.

तेव्हा पेटी घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. इंटरनेट गेलं तर ती घरातून चालते का? तिची भाषा मॉडबससारखी जाहीर आहे का? आणि कंपनी उद्या नसली तर हाताने चालवायचं बटण आहे का? आधीच पेटी असेल, तर सुरुवातीला फक्त ऐका, हुकूम सोडू नका. पाणी वाहत नसताना क्लोरीन सोडू न देणारी सुरक्षेची साखळी कधीही सॉफ्टवेअरच्या भरवशावर तोडू नका. विजेच्या जोडणीला परवानाधारक वायरमनच हवा. पाणी आणि वीज जिथे शेजारी आहेत, तिथे हौस दुसऱ्या क्रमांकावर.

युक्लिडची भूमिती दोन हजार वर्षं टिकली, कारण ती एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाऊ शकली. आपल्या घरातली यंत्रं निदान त्यांच्या कंपनीपेक्षा जास्त जगावीत, एवढी अपेक्षा काही फार नाही. भेटू पुढच्या भागात.