हिशेबवही, कथानायक आणि प्रायोजक : भिलाईच्या संदर्भात नभोवाणीवरील गुप्तहेरकथेचा कालखंडविचार

अमेरिकन नभोवाणीच्या इतिहासात ३० सप्टेंबर १९६२ हा दिवस एका युगाचा शेवट मानला जातो. त्या दिवशी ‘सस्पेन्स’ आणि ‘यूअर्स ट्रूली, जॉनी डॉलर’ या दोन मालिकांचे अखेरचे भाग कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिमवरून प्रसारित झाले, आणि नभोनाट्याचे ‘सुवर्णयुग’ संपले असे अभ्यासकांनी ठरविले. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, रायपूर येथे आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. तेथून सुमारे तीस किलोमीटरवरील भिलाई या पोलादनगरीला सर्वांत जवळचे नभोवाणी केंद्र मिळाले ते अशा वेळी, जेव्हा नभोनाट्याचे युग दुसरीकडे समाप्त झाल्याची नोंद होऊन गेली होती. हा केवळ तारखांचा योगायोग मानला, तर वाङ्मयप्रकाराच्या कालखंडाविषयीचा एक मूलभूत प्रश्न निसटून जातो. ‘सुवर्णयुग’ ही संज्ञा कालवाचक आहे, की ती एका विशिष्ट अर्थव्यवस्थेचे नाव आहे?

‘जॉनी डॉलर’ ही मालिका फेब्रुवारी १९४९ मध्ये सुरू झाली आणि तिचे आठशेहून अधिक भाग झाले. तिचा नायक पोलीस नाही. विमा कंपन्यांच्या वतीने संशयास्पद दाव्यांचा तपास करणारा तो स्वतंत्र अन्वेषक आहे. प्रत्येक भागाची उभारणी त्याने कंपनीला सादर केलेल्या खर्चाच्या तपशिलावर होते : प्रवासभाडे, भोजन, तार, निवास अशा बाबी क्रमाने मांडल्या जातात आणि त्यांच्यामधल्या जागेत कथा घडते. ही युक्ती वरवर विनोदी वाटली तरी तिचे कार्य गंभीर आहे. मुद्रित रहस्यकथेचा वाचक मागची पाने उलटून सुटलेला दुवा शोधू शकतो. श्रोत्याला ती सोय नसते. तेव्हा स्थळ, काळ आणि हालचाल त्याच्या ध्यानात कशी ठेवावी, हा श्राव्य गुप्तहेरकथेपुढील पहिला पेच असतो. हिशेबाची प्रत्येक बाब हा पेच सोडविते, कारण भाड्याची रक्कम सांगताच नायक कोठून कोठे गेला हे आपोआप कळते. पैसा येथे निवेदनाचे साधन झाला आहे. ऑक्टोबर १९५५ पासून सुमारे वर्षभर ही मालिका आठवड्यातून पाच दिवस, पंधरा-पंधरा मिनिटांच्या भागांत सादर होत असे. इतक्या तुकड्यांत विभागलेले कथानक तोलून धरण्याचे बळ या रचनेत होते.

१९५५ हे वर्ष भिलाईच्याही इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी २ फेब्रुवारीस पोलाद कारखान्यासंबंधी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करार झाला तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या पुनर्रचनेत नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छत्तीसगडचा प्रदेश भोपाळशी जोडला गेला. अठराव्या शतकात बिंबाजी भोसल्यांच्या कारभारापासून या प्रदेशात रुजलेल्या मराठी वस्तीचा नागपूरशी असलेला प्रशासकीय संबंध यामुळे तुटला. आणि नेमक्या त्याच सुमारास देशाच्या सर्व भागांतून कामगार आणणारी, म्हणूनच पुढे ‘लघुभारत’ म्हणून ओळखली जाणारी, नगरी येथे वसू लागली. तिच्या सार्वजनिक व्यवहाराची भाषा हिंदी होणे अपरिहार्य होते.

या नगरीत शासन हेच मालक होते आणि घरही तेच देत होते. नभोवाणीही शासनाचीच होती. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले, आणि १९७३ च्या आरंभी सर्वसाधारण विम्याचेही राष्ट्रीयीकरण झाले. अशा समाजात खासगी विमा कंपन्यांसाठी गावोगाव हिंडणारा आणि खर्चाची यादी सादर करणारा अन्वेषक नायक म्हणून रुजणे कठीण होते. त्याला पोसणारी आर्थिक भूमीच नव्हती.

प्रसारणाच्या बाजूनेही हीच स्थिती होती. १९५२ ते १९६२ या काळात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीचे अभिरुचीविषयक धोरण कठोर ठेवले. चित्रपटसंगीताला तेथे दुय्यम स्थान मिळाले आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. त्याला परत आणण्यासाठी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. तिच्या ‘हवामहल’ या कार्यक्रमातील पंधरा मिनिटांच्या नाटिकांनी श्राव्य नाट्याची सवय घरोघरी नेली. तथापि त्यांतील बहुतेक नाटिका स्वयंपूर्ण असत. एकच गुप्तहेर आठवड्यामागून आठवडे परत येत राहील, अशी मालिका चालविण्यासाठी त्या पुनरागमनाचा खर्च उचलणारा कोणीतरी लागतो. नोव्हेंबर १९६७ मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर येथून जाहिरातसेवा सुरू झाली, आणि १९७० पासून प्रायोजित कार्यक्रमांना वाट मिळाली. आरंभीच्या या तीन केंद्रांपैकी भिलाईला सर्वांत जवळचे केंद्र नागपूर होते. राजकीय नकाशाने दूर केलेले शहर जाहिरातीच्या नकाशावर असे पुन्हा शेजारी आले. मात्र या सेवेतील प्रायोजित मालिकांची प्रमुख भाषा हिंदी होती.

सत्तरच्या दशकातील ‘इन्स्पेक्टर ईगल’ ही हिंदी मालिका या व्यवस्थेचे बोलके उदाहरण आहे. ईगल या थर्मासच्या उत्पादकांनी ती प्रायोजित केली होती आणि नायकाला उत्पादनाचेच नाव दिले होते. ‘जॉनी डॉलर’शी तिची तुलना येथे उद्बोधक ठरते. तेथे पैसा कथेच्या आत शिरून निवेदनाची रीत बनला. येथे तो नायकाचे नाव बनला. शिवाय हा नायक पोलीस अधिकारी आहे, म्हणजे शासनाचा सेवक आहे. अधिकार सार्वजनिक क्षेत्राचा आणि नाव खासगी उत्पादनाचे, ही जोडणी मिश्र अर्थव्यवस्थेचे नकळत घडलेले प्रतिरूपच म्हणावी लागेल. अमेरिकन नमुन्याची ही उशिराने निघालेली प्रत नव्हती. वेगळ्या भूमीत त्याच वाङ्मयप्रकाराने घेतलेले ते वेगळे रूप होते.

मराठी गुप्तहेरकथेचे अर्थशास्त्र याहून निराळे होते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंझार, काळा पहाड हे त्यांचे नायक घराघरांत पोहोचले. या कथांना प्रायोजक नव्हता. वाचक पुस्तकाची किंमत वा वाचनालयाची वर्गणी स्वतः देत असे, आणि म्हणून पैशाला कथेच्या आत येण्याचे कारण पडले नाही. अर्नाळकरांचा नायक वेषांतर करी, नाव बदली, कायद्याच्या कडेने चाले. कारण त्याला कोणाला हिशेब द्यायचा नव्हता आणि कोणाचे नाव वाहायचे नव्हते. पण हे स्वातंत्र्य छापील पुस्तकाबरोबर येत होते आणि पुस्तकाच्या वितरणापुरतेच मर्यादित होते. भिलाईतील मराठी कुटुंबाला गुप्तहेर मराठीत भेटायचा असेल तर पुस्तक मिळवावे लागे. हिंदीतील गुप्तहेर ध्वनिलहरींवरून येत होता.

एकाच व्यक्तीच्या जीवनात भाषांची कामे अशी वाटली जाणे या परिसराला अपरिचित नव्हते. मराठी मातृभाषा असलेले गजानन माधव मुक्तिबोध पन्नाशीच्या दशकात नागपूर आकाशवाणीत नोकरीस होते, १९५८ पासून भिलाईजवळच्या राजनांदगावी अध्यापक झाले आणि त्यांनी हिंदीत काव्य रचले. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. मुक्तिबोधांच्या बाबतीत भाषेची निवड लेखकाची होती. लोकप्रिय वाङ्मयाच्या श्रोत्याबाबत मात्र ती निवड बव्हंशी प्रसारणव्यवस्था करते. स्थलांतरित समाजाच्या भाषेची चर्चा करताना शाळा, नियतकालिके आणि मंडळे यांकडे लक्ष दिले जाते. रात्रीच्या वेळी मनोरंजन कोणत्या भाषेत कानी पडते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारल्याशिवाय भाषांतराचा खरा इतिहास लिहिता येणार नाही.

भारतातील गुप्तहेर पुढे नभोवाणीवरून दूरदर्शनवर गेला. १९८५ मधील ‘करमचंद’ हा त्या संक्रमणाचा ठळक टप्पा होय. ‘जॉनी डॉलर’चे बरेच भाग ध्वनिमुद्रित स्वरूपात टिकल्यामुळे त्यांचा संहितेप्रमाणे अभ्यास होऊ शकतो. भारतातील प्रायोजित मालिका आकाशवाणीची स्वतःची निर्मिती नव्हत्या. प्रायोजकाच्या दृष्टीने, वस्तू विकली गेली की ध्वनिफितीचे प्रयोजन संपत असे. ज्या अर्थव्यवस्थेने हा नायक जन्माला घातला, तिच्या हिशेबात त्याच्या जतनाची बाब नव्हती. म्हणून या प्रकाराचा इतिहास लिहिताना ‘सुवर्णयुगा’च्या परकीय तारखा उसन्या घेण्यापेक्षा ऐकण्याची साधने, भाषा आणि खर्च उचलणारा पक्ष या तिहींची नोंद भिलाईसारख्या एकेका ठिकाणी करीत जाणे अधिक फलदायी ठरेल. ज्या श्रोत्यांनी हा गुप्तहेर ऐकला ती पिढी आता वृद्ध झाली आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तिची स्मृती हाच उरलेला पुरावा आहे.