गुप्तदानाची चूल

कोलार्ड ही कोबीच्याच कुळातली भाजी, फक्त तिला गड्डा धरत नाही. काश्मिरी घरांत शिजणारा 'हाक' तिच्याच जातीचा. अमेरिकेच्या दक्षिण भागात मात्र ही रुंद, जाड पानं काळ्या माणसांच्या चुलीची खूण झाली. गुलामीच्या काळात मालकाच्या शेतात राबून जो वेळ उरे, त्यात झोपडीमागच्या तुकड्यावर ती पिकवायची. मंद आचेवर खूप वेळ शिजवायची आणि खाली उरलेलं पाणी फेकायचं नाही, मक्याची भाकर त्यात बुडवून खायची. पुरणाचा कट जपून ठेवणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

खरं सांगायचं तर या भाजीत बहुधा डुकराचं मांस पडतं, केकमध्ये अंडी आणि सणाच्या गोडात रताळं. आपल्या चुलीवर यातलं काहीच चढणार नाही. तरीही या स्वयंपाकाची एक हकिकत आपण बायकांनी माहीत करून घ्यावी अशी आहे.

अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी शहर. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही, म्हणून त्यांना अटक झाली. ५ डिसेंबरपासून काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला. पण कामाला तर जायचंच होतं! मग लोकांनी आपापल्या गाड्या काढल्या, ठरलेल्या थांब्यांवरून माणसं न्यायला सुरुवात केली. गाड्यांना पेट्रोल लागतं, दुरुस्ती लागते. पैसा आणायचा कुठून?

जॉर्जिया गिलमोर नावाची एक बाई शहरातल्या उपाहारगृहात स्वयंपाकीण होती. घरी सहा मुलं. तिनं मैत्रिणी जमवल्या, थोडे पैसे गोळा केले आणि सभेला येणाऱ्यांसाठी कोंबडीची सँडविच करून विकली. पुढं भाज्यांसकट पूर्ण जेवणाची ताटं आली. पाउंड केक आले. लोणी, साखर, मैदा, अंडी, प्रत्येक जिन्नस एकेक पौंड, म्हणून ते नाव. रताळ्याची गोड पाई आली. केशकर्तनालयात, लाँड्रीत, टॅक्सीच्या थांब्यावर हे सगळं विकलं जाई आणि पैसे सभेत जमा होत.

आता या मंडळाचं नाव बघा: 'द क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे कुठूनच न आलेलं मंडळ! यातल्या बऱ्याच जणी गोऱ्यांच्या घरी कामाला. नाव कळलं की काम गेलंच. म्हणून कुणी विचारलं, पैसे कुठून आले, तर खरं उत्तर द्यायचं: कुठूनच नाही. कुणी काय रांधलं, कुणी विकत घेतलं, हे एकट्या गिलमोरबाईंना ठाऊक. तिचं स्वतःचं नाव मात्र लपलं नाही. मार्च १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरच्या खटल्यात तिनं उघड साक्ष दिली. नोकरी गेली. तेव्हा किंग यांच्याच प्रोत्साहनानं तिनं घरीच खानावळ मांडली. पुढं चळवळीतली माणसं त्याच टेबलाभोवती जेवत जेवत मसलती करत. बहिष्कार ३८१ दिवस चालला. २१ डिसेंबर १९५६ ला काळी माणसं बसमध्ये हव्या त्या जागी बसली.

आपल्यात गुप्तदानाला मोठं मानतात. देणाऱ्याच्या मनात अभिमान शिरू नये, हा त्यामागचा विचार. माँटगोमेरीच्या बायकांचं दान पोटाच्या भीतीनं गुप्त राहिलं. पण गुप्त राहिल्याचा परिणाम दोन्हीकडे एकच, कागदावर त्या बायका सापडत नाहीत. आपल्याकडचे देणगीदारांचे संगमरवरी फलक वाचा. पुरुषांची नावं ओळीनं असतात. त्या कार्याला पंगतीचे लाडू कुणी वळले, मांडे कुणी केले, याला फलकावर जागा नसते. नाव नाही म्हणजे काम नव्हतं, असं मात्र कुणी समजू नये.

मार्च १९९० मध्ये सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाला २५ वर्षं होत होती. त्यासाठी येणाऱ्यांचा स्वयंपाक करत असतानाच गिलमोरबाई गेली. तिच्या हातचं ते अन्न मग तिच्यासाठी शोक करायला आलेल्यांच्या ताटांत वाढलं गेलं.