दुसरी साक्षरता : सोव्हिएत शाळेतला एक प्रयोग

सप्टेंबर १९८५ मध्ये सोव्हिएत संघातील माध्यमिक शाळांच्या नवव्या इयत्तेत एक नवा विषय सक्तीचा झाला. 'माहितीशास्त्र आणि गणनयंत्रविद्या यांची मूलतत्त्वे' असे त्याचे लांबलचक नाव. बाल्टिक समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंत पसरलेल्या देशातील पंधरा-सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाने संगणकाची आज्ञावली वाचायला आणि लिहायला शिकले पाहिजे, असा तो संकल्प होता. त्यात अडचण एकच होती. बहुतेक शाळांत संगणकच नव्हता.

आम्ही भाषा आणि साहित्य शिकवणारे लोक. या प्रसंगाकडे वळण्याचे आम्हांस कारण काय, असे कोणी विचारील. कारण एका शब्दात आहे. या विषयाच्या प्रवर्तकाने त्याला 'दुसरी साक्षरता' असे नाव दिले होते, आणि साक्षरता हा शब्द कोणी उच्चारला की तो आमच्या प्रांतात आलाच. ज्याला अक्षरे येतात तो साक्षर. त्याच्या घरी ग्रंथ आहेत की नाहीत, हा प्रश्न वेगळा. मग ज्याला आज्ञावली लिहिता येते पण ज्याने यंत्र पाहिलेले नाही, त्याला या दुसऱ्या अर्थाने साक्षर म्हणावे काय? सोव्हिएत शाळांनी या प्रश्नाचे उत्तर तात्त्विक चर्चेत शोधले नाही. लाखो मुलांच्या वेळापत्रकात शोधले.

प्रवर्तकाचे नाव आंद्रेई पेत्रोविच येर्शोव. जन्म १९३१ चा, मॉस्कोचा. सायबेरियात नोवोसिबिर्स्कजवळ १९५७ पासून उभ्या राहिलेल्या 'अकादेमगोरोदोक' या विज्ञाननगरीत त्यांची हयात गेली. माणसाला समजणाऱ्या सूत्रमय भाषेतील मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या आज्ञावली रचणाऱ्या आद्य मंडळींपैकी ते एक. म्हणजे एका अर्थाने भाषांतराचाच धंदा. ते कविता लिहीत आणि किपलिंगच्या कवितांचे रशियन अनुवादही करीत. गणिती माणसाचा हा फावल्या वेळचा छंद, म्हणून त्याची बोळवण करता येईल. पण शालेय शिक्षणाविषयी ते जे बोलले, त्यात भाषेशी खेळलेल्या माणसाचा हात आम्हांस दिसतो.

१९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे संगणक आणि शिक्षण या विषयावरची जागतिक परिषद भरली. तेथे येर्शोवांनी आपले प्रसिद्ध भाषण केले. त्याचे शीर्षकच होते, 'आज्ञावलीलेखन : दुसरी साक्षरता'. मुद्रणकला आली आणि वाचन-लेखन ही मोजक्यांची विद्या न राहता सर्वांची गरज झाली. संगणक सर्वत्र पोहोचेल तेव्हा आज्ञावलीचेही तसेच होईल, हे त्यातले दर्शनी साम्य. पण येर्शोव तेवढ्यावर थांबत नाहीत. त्यांचा खरा मुद्दा असा, की माणूस यंत्र येण्याच्या फार आधीपासून आज्ञावलींच्या जगात राहत आहे. दिवसाची आखणी, कामाची रीत, एकातून एक निघणाऱ्या कृतींची साखळी, हे सारे आपण नकळत रचत असतो. ते जाणून रचता येणे, आणि दुसऱ्याला चुकण्यास वाव न ठेवता सांगता येणे, ही त्यांच्या मते दुसरी साक्षरता. यंत्र हे या साक्षरतेचे निमित्त होय, तिचा आशय नव्हे.

हा विचार हवेतून आलेला नव्हता. मॉस्कोच्या ४४४ क्रमांकाच्या शाळेत सेम्योन श्वार्त्सबुर्द हे गणितशिक्षक १९५९ पासून वरच्या वर्गातील मुलांना गणनयंत्रांच्या कामाचे शिक्षण देऊ लागले होते. तेव्हा मुलांना उत्पादक कामाचे काही कौशल्य शाळेतच द्यावे, असा सरकारचा आग्रह होता. कोणी सुतारकाम शिके, कोणी यंत्रशाळेत जाई. या मुलांच्या वाट्याला आज्ञावलीलेखन आले. म्हणजे आरंभी हा विषय व्यवसायशिक्षणाच्या दारातून शाळेत शिरला. सायबेरियातील प्रयोगाचा रोख निराळा होता. गेनादी झ्वेनिगोरोद्स्की हा तरुण शिक्षक १९७० च्या दशकात खारकोवहून येर्शोवांकडे आला आणि त्याने नोवोसिबिर्स्कच्या मुलांसाठी आज्ञावलीची शाळा चालवली. लहान मुलांसाठी 'रोबिक', मोठ्यांसाठी 'रापिरा' अशा दोन भाषा तेथे घडल्या. दोन्हींची शब्दसंपत्ती रशियन. इंग्रजी न येणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला 'गो टू' शिकवण्याआधी इंग्रजी का शिकवावे, हा साधा प्रश्न त्यामागे होता. झ्वेनिगोरोद्स्की १९८४ मध्ये ऐन तारुण्यात वारला. सर्व शाळांत विषय सुरू झालेला त्याला पाहता आला नाही.

पुढची गोष्ट सरकारी वेगाने घडली. आणि हा वेग, क्वचित घडते त्याप्रमाणे, फार मोठा होता. मार्च १९८५ मध्ये गोर्बाचोव सत्तेवर आले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस माध्यमिक विद्यार्थ्यांच्या संगणकसाक्षरतेविषयीचा निर्णय पक्षाच्या केंद्रीय समितीने व मंत्रिमंडळाने संयुक्तपणे जाहीर केला. सप्टेंबरात वर्ग सुरू व्हायचे होते. हाती पाच महिने. येर्शोव आणि मोनाखोव यांच्या संपादनाखाली पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग तयार झाला. गणिताच्या आणि पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना उन्हाळ्याच्या सुटीत बोलावून घाईघाईने नवा विषय शिकवण्यात आला. नवव्या इयत्तेला वर्षाकाठी ३४ तास, म्हणजे आठवड्याला एक.

आणि यंत्र? 'आगात' हा सोव्हिएत बनावटीचा शालेय संगणक होता, पण तो महाग आणि दुर्मीळ. 'इलेक्त्रोनिका बीके' नुकताच निघू लागला होता. हजारो शाळांना पुरेल एवढे उत्पादन नजरेच्या टप्प्यात नव्हते, हे निर्णय घेणाऱ्यांना ठाऊक होते. तेव्हा अभ्यासक्रमाचीच अशी मांडणी झाली, की तो यंत्राविना शिकवता यावा. रशियन शिक्षणाच्या इतिहासात याला 'यंत्ररहित' पाठ असेच म्हणतात.

मग फळ्यावर काय चाले? त्यासाठी येर्शोवांनी एक लेखनपद्धती योजली, तिचे नाव 'शालेय अल्गोरिदमी भाषा'. तिचे पारिभाषिक शब्द म्हणजे रशियन शब्दांची संक्षिप्त रूपे. आरंभासाठी 'नाच', शेवटासाठी 'कोन', 'जर'साठी 'येस्ली'. (मराठी कानाला ही आज्ञावली नाचाने सुरू होऊन कोनात संपते. असो.) ही भाषा मुळात कोणत्याही यंत्रासाठी रचलेली नव्हती, ती कागदासाठी होती. वाचणारा माणूसच असेल, हे गृहीत धरून तिची वाक्ये बेतलेली होती. टीकाकारांनी तिला येर्शोव आणि 'अल्गोल' यांची सांगड घालून 'येर्शोल' असे टोपणनाव दिले. टोपणनावे सहसा निरर्थक गोष्टींना मिळत नाहीत.

या पाठातील मुख्य व्यायाम म्हणजे 'मूल्यांचे कोष्टक'. दोन संख्यांचा महत्तम साधारण विभाजक काढण्याची युक्लिडची रीत घ्या. मोठीतून धाकटी वजा करा. दोन्ही समान होईपर्यंत हेच करत राहा. विद्यार्थी वहीत दोन स्तंभ आखी आणि स्वतःच यंत्र होऊन एकेक पायरी चाले. ४८ आणि १८. मग ३० आणि १८. मग १२ आणि १८. मग १२ आणि ६. मग ६ आणि ६. थांबा, उत्तर ६. चार वजाबाक्या. हे करताना मुलाच्या हाती काय लागे? नाव आणि मूल्य यांतला भेद. 'अ' हे अक्षर तेच राहते, पण त्याच्या पोटातली संख्या बदलत जाते. पुनरावर्तनाला थांबण्याची अट लागते, आणि ती अट कधीतरी पुरी होईल याची खात्री आपणच द्यावी लागते. लिहिलेले वाक्य आणि मनात असलेले वाक्य यांत अंतर पडले तर ते कोष्टकात उघडे पडते. संगणकशास्त्राची मूलतत्त्वे म्हणतात ती याहून फार वेगळी नाहीत.

येथे आम्हांस धूळपाटीची आठवण होते. आपल्याकडे जुन्या गावठी शाळांत मुले पाटीवर धूळ पसरून तिच्यावर बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवीत. कागद महाग, शाई दुर्मीळ. धुळीतले अक्षर टिकत नसे. टिके ते बोटाचे वळण. येर्शोवांची भाषा ही या दुसऱ्या साक्षरतेची धूळपाटी होती, असे आम्हांस वाटते. पण तुलना ताणू नये. धूळपाटीवर 'ग' चुकला तर पंतोजींच्या लगेच ध्यानात येई. घाईत शिकलेल्या शिक्षकासमोर पन्नास ओळींची आज्ञावली आली, तर ती बरोबर की चूक हे सांगणार कोण? यंत्राचे एक मोठे शैक्षणिक मोल असे, की ते भीडमुर्वत न ठेवता चूक दाखवते, आणि चूक दाखवून रागावतही नाही. हे मोल यंत्ररहित पाठाने गमावले. जेथे शिक्षक मनाने विषयात नव्हता, तेथे पाठ म्हणजे व्याख्यांचे पाठांतर झाला. मुले 'अल्गोरिदमचे गुणधर्म' घोकू लागली. व्याकरण घोकून भाषा न येणारी मुले आमच्याही वर्गांत बसतात, त्यामुळे या रोगाचे आम्हांस नवल नाही.

कागदाबाहेर डोकावण्याची एक फट मात्र होती, आणि साहित्याच्या अभ्यासकांना ती मौजेची वाटेल. 'इलेक्त्रोनिका बी-३-३४' नावाचा हातात मावणारा गणकयंत्राचा प्रकार १९८० पासून मिळत होता. त्यात ९८ पायऱ्यांची आज्ञावली आणि १४ संख्या मावत. बंद केला की सारे पुसले जाई. 'तेख्निका मोलोद्योझी' या युवकांच्या मासिकात मिखाईल पुखोव यांची एक विज्ञानकथा १९८५ पासून क्रमशः येऊ लागली. चंद्रावरून पृथ्वीकडे निघालेल्या 'कॉन-टिकी' या छोट्या यानाची ती कथा. प्रत्येक प्रकरणासोबत यानाच्या उड्डाणाची आज्ञावली छापलेली असे. वाचकाने ती आपल्या गणकात भरायची आणि यान स्वतः उतरवून पाहायचे. इंधन संपले तर कथा पुढे सरके, वाचक मात्र चंद्रावर आपटलेला. वाचन आणि आज्ञावलीलेखन अशा दोन्ही साक्षरता एकाच पानावर मागणारे दुसरे लेखन आम्हांस चटकन आठवत नाही.

या सगळ्यात एक विसंगती दडलेली होती. त्या काळी सोव्हिएत कचेऱ्यांत छायाप्रत काढणारी यंत्रे कुलूपबंद ठेवली जात; निषिद्ध पुस्तके टंकलेखनयंत्रावर कार्बन लावून हस्ते परहस्ते फिरत. जी राजवट मजकुराची दुसरी प्रत काढू देत नव्हती, तिनेच प्रत्येक मुलाला मजकुराच्या सर्वांत सामर्थ्यवान यंत्राची भाषा शिकवायला घेतली. राज्यकर्त्यांच्या मनात उत्पादन आणि पाश्चात्त्यांशी बरोबरी होती. साक्षरतेचा पुढे काय उपयोग होतो हे मात्र शिकवणाऱ्याच्या हाती कधीच नसते. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात कारकून घडवण्यासाठी काढलेल्या शाळांतूनच सरकारवर टीका करणारे संपादक निघाले, हे काही वेगळे नव्हते.

याच सुमारास भारताने नेमका उलटा मार्ग धरला, म्हणून त्याचा उल्लेख येथे करणे भाग आहे. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला. इंग्लंडमध्ये शाळांसाठी गाजलेले 'बीबीसी मायक्रो' संगणक पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळांत बसवण्यात आले. म्हणजे यंत्र आधी, विषय मागाहून. आणि यंत्राची भाषा इंग्रजी. मुलांना संगणकाची 'ओळख' व्हावी, हा हेतू. सोव्हिएत मुलाकडे विषय होता, यंत्र नव्हते. भारतातल्या निवडक शाळांकडे यंत्र होते, पण त्याला नियमित अभ्यासक्रमात स्थान नव्हते. पुढे 'संगणकसाक्षरता' हा शब्द मराठीत रुळला तो यंत्र चालवता येणे या अर्थाने. २००१ पासून महाराष्ट्रात सुरू झालेल्या 'एमएससीआयटी'ने तो घरोघरी नेला. ते काम मोठे आहे आणि त्याला हिणवण्याचा आमचा मानस नाही. पण येर्शोवांच्या तराजूत ती वाचनाची साक्षरता ठरते, लेखनाची नव्हे. दुसऱ्याने लिहिलेले चालवता येणे आणि आपण लिहिणे, यांत जे अंतर आहे ते भाषाशिक्षकाला कोणी समजावून सांगायला नको. शिवाय 'जर', 'तर', 'तोवर' असे सोपे शब्द हाताशी असताना मराठी माध्यमाच्या मुलाने पहिली आज्ञावली परभाषेतच लिहिली, याची आमच्या वाङ्मयीन वर्तुळात फारशी चर्चाही झाली नाही.

येर्शोव १९८८ च्या डिसेंबरात वारले. तोवर त्यांच्या पुस्तकाशी स्पर्धा करणारी पुस्तके आली होती. मॉस्को विद्यापीठातील कुश्निरेन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कागदी भाषा अखेर यंत्रावर चालवून दाखवली. चौकटींच्या पटावर आज्ञा पाळत फिरणारा 'रोबोट' त्यांच्या पुस्तकातून रशियन मुलांच्या परिचयाचा झाला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, विषय मात्र शाळेत राहिला. रशियात शालान्त परीक्षेतील माहितीशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत एकच आज्ञावली अनेक भाषांत शेजारी शेजारी छापत, आणि बेसिक, पास्कल यांच्या ओळीत येर्शोवांची ती शालेय भाषाही असे. विद्यार्थी ती वाचून, कच्च्या कागदावर मूल्यांचे कोष्टक मांडून, उत्तर लिहीत. ही परीक्षा प्रत्यक्ष संगणकावर घ्यायला २०२१ साल उजाडले.